प्लेग, रँड आणि पंडिता रमाबाई: एका फिरत्या आरोपाला उत्तर

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर फिरत आहे. त्याचा सारांश असा: 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे सोजीर, म्हणजे शिपाई, हिंदूंची घरे फोडत होते आणि त्यांच्या मागोमाग मिशनरी येऊन निराधार मुली उचलून नेत होते, पंडिता रमाबाई या कामी रँडच्या हस्तक होत्या, प्लेगच्या छावण्यांतून पळवलेल्या मुली त्यांनी केडगावला नेऊन बळजबरीने बाटवल्या, सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता गेल्या, तेव्हा रमाबाई शहर सोडून पळाल्या, प्लेगची लस हाही धर्म बुडवण्याचाच डाव होता, या सगळ्याबद्दल इंग्रजांनी रमाबाईंना पदक दिले, आणि कोरोनाच्या काळात हाच डाव पुन्हा खेळला गेला. शेवटी हा मजकूर घराघरांत पोहोचवण्याचे आवाहन आहे.

माझ्या अकरावीतल्या भाचीने कॉलेजच्या प्रकल्पासाठी रमाबाई हा विषय निवडला होता. हा मजकूर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आला, तिच्या आजोबांनी तिला विषय बदलायला सांगितले आणि तिने तो मुकाट्याने बदलला. ज्या बाईने मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, तिच्याविषयी एका मुलीने लिहायचे नाही, हे एका निनावी मजकुराने ठरवावे याचा मला संताप आला. म्हणून हे उत्तर.

सर्वांत भयंकर आरोप मुली पळवल्याचा आहे, म्हणून आधी तोच घेते. आरोप करणाऱ्याने निदान तारखा तरी पाहायला हव्या होत्या. वॉल्टर चार्ल्स रँड 1897 च्या फेब्रुवारीत पुण्यात आला. त्याच्या प्लेग समितीत त्याच्यासोबत कर्नल फिलिप्स आणि डॉक्टर बेव्हरिज असे दोन लष्करी अधिकारी होते. मिशनरी एकही नव्हता. सोजिरांकरवी घरझडत्या सुरू झाल्या त्या 13 मार्चपासून. रमाबाई दुष्काळग्रस्त मुलींसाठी बाहेर पडल्या, त्या याच्या आधी, 1896 च्या अखेरीपासून 1897 च्या सुरुवातीपर्यंत, आणि त्यांनी आणलेल्या सुमारे 300 मुली व स्त्रिया पुण्याच्या वाड्यांतल्या नव्हत्या, तर मध्य प्रांतातल्या, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या बाजूच्या होत्या. जिथे प्लेगची छावणी नव्हती तिथून, रँडच्या झडत्या सुरू होण्यापूर्वी निघालेल्या मुली रँडच्या छावणीतून पळवल्या गेल्या, असे या मजकुराचे म्हणणे आहे.

रँडशी संगनमत होते म्हणावे, तर प्रत्यक्षात काय घडले तेही पाहावे. पुण्यात प्लेग पसरल्यावर अधिकाऱ्यांनी प्लेगच्या नियमांवर बोट ठेवून रमाबाईंना नव्या मुली शहरात ठेवण्यास मनाई केली. त्यामुळे पुण्यापासून सुमारे 55 किलोमीटर अंतरावर, केडगाव स्टेशनजवळच्या त्यांच्या शेतजमिनीवर त्या मुलींची तात्पुरत्या निवाऱ्यात सोय करावी लागली. पुढे 'मुक्ती' या नावाने प्रसिद्ध झालेली संस्था अशी उभी राहिली. शहर सोडून पळाल्याच्या आरोपाचे उत्तरही यातच आहे. शेकडो अशक्त, उपाशी मुलींना प्लेगच्या शहरात ठेवू नका, असा सरकारी हुकूम असताना त्यांना मोकळ्या माळावर नेणे याला पलायन म्हणता येत नाही. आणि हस्तकाला असे हुकूम निघत नसतात.

या आरोपाचा निकाल लावणारा पुरावा मात्र वेगळाच आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसावा. मे 1897 मध्ये, म्हणजे झडत्यांचे दिवस ताजे असताना, रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिले. प्लेगचे रुग्णालय आणि विलगीकरणाच्या छावण्या येथे स्त्रियांना कसे वागवले जाते, त्यांच्या अब्रूच्या रक्षणाची व्यवस्था कशी नाही, हे त्यांनी उघडपणे मांडले आणि आपल्याच आश्रमातून नेलेल्या एका मुलीचे तिथे काय झाले याचा जाब विचारला. हे पत्र इतके झोंबले की प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारला त्याचा इन्कार करावा लागला. म्हणजे ज्या बाईला हा मजकूर छावणीतून मुली पळवणारी म्हणतो, तीच छावणीत हरवलेल्या मुलीबद्दल सरकारला जाब विचारत होती.

त्या वेळी असे लिहिणे किती जोखमीचे होते, तेही ध्यानात घ्यावे. इंग्लंडमध्ये असताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी सोजिरांच्या वर्तनाबद्दल गंभीर आरोप केले, ते सिद्ध करता आले नाहीत, आणि परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर सुमारे महिन्याभराने टिळकांना अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली 18 महिन्यांची शिक्षा झाली. रमाबाईंचे पत्र या साऱ्याच्या आधीचे आहे, आणि ते लिहिणारी स्त्री धर्माने ख्रिस्ती, परदेशी देणग्यांवर संस्था चालवणारी होती. गप्प राहण्यात तिचे हित होते. 1893 मध्ये शारदा सदन या रमाबाईंनी काढलेल्या विधवांच्या शाळेच्या वादात 'केसरी'ने रमाबाईंवर कडाडून टीका केली होती. चार वर्षांनी प्लेगच्या कारभाराविरुद्ध तक्रार करताना 'केसरी' आणि रमाबाई दोघेही सरकारच्या विरोधात उभे होते. पुण्याच्या इतिहासातली एवढी मोठी गोष्ट लोकांपर्यंत पोहोचत नाही, आणि तिच्या नेमके उलटे घराघरांत पोहोचते, हे मला फार लागते.

सावित्रीबाईंशी केलेली तुलना तर अत्यंत अप्रामाणिक आहे. सावित्रीबाई 10 मार्च 1897 रोजी गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून दत्तकपुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात नेताना त्यांना संसर्ग झाला. त्यांच्या मृत्यूपुढे मान झुकतेच. पण त्या मृत्यूचा दगड करून दुसऱ्या स्त्रीवर फेकणाऱ्यांना फुल्यांचा विचार ठाऊक नाही. रमाबाईंच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात काहूर उठले होते, तेव्हा 1885 मध्ये 'सत्सार' या आपल्या नियतकालिकाच्या अंकात त्यांची बाजू घेणारे जोतिराव फुलेच होते.

आता धर्मांतराच्या मुद्द्याकडे येते. मजकुरात थोडेफार तथ्य असेल तर ते इथे आहे, आणि ते मला नाखुशीने मान्य करावे लागते. रमाबाई नुसत्या समाजसेविका नव्हत्या. त्या उघड आणि निष्ठावंत सुवार्ताप्रसारक, म्हणजे ख्रिस्ती धर्माचा प्रचार करणाऱ्या होत्या. 1889 मध्ये शारदा सदन सुरू करताना तिथे धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे आश्वासन होते. त्या आश्वासनाला तडा गेला असे नुसत्या टिळकांना नव्हे, तर रमाबाईंचे हितचिंतक असलेल्या न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनाही वाटले, आणि 1893 मध्ये ते सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे लोणावळ्याच्या एका मेळाव्यात, ख्रिस्ती झालेल्या 15 मुली सोबत असताना, या संख्येचा वर्ग होऊ दे, म्हणजे 225 होऊ देत, अशी प्रार्थना आपण केल्याचे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे; आणि त्यानंतर लवकरच दुष्काळाने त्यांच्या दारात शेकडो मुली आणल्या. मुक्तीत तटस्थतेचे वचन नव्हतेच. बायबल आणि प्रार्थना हा तिथला दिनक्रम होता, आणि 1905 च्या धार्मिक जागरणानंतर तिथल्या मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जात. मायबाप नसलेल्या, अन्नासाठी पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीने घेतलेला बाप्तिस्मा कितपत स्वतःच्या इच्छेचा मानायचा, हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्याला मी द्वेष्टा म्हणणार नाही. नगर जिल्ह्यात दुष्काळाच्या त्या वर्षांत ख्रिस्ती लोकसंख्या झपाट्याने वाढली, तिथेही हाच प्रश्न उभा राहतो.

परंतु या प्रश्नातून 'पळवून, बळजबरीने' हे निघत नाही. मुलींना कोणापासून हिरावून घेतले, हे मजकूर सांगत नाही, कारण त्यांच्यामागे कोणीच उरले नव्हते. सरकारी आश्रयगृहांत तरुण मुली कशा लोकांच्या तावडीत सापडतात, हे रमाबाईंनी पाहिले आणि लिहिले. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेले होते. रानावनातून उपाशी भटकलेली मुलगी त्या स्वतःच होत्या. त्या मध्य प्रांतात का गेल्या याचे एवढे कारण मला पुरते, मग त्यांच्या मनात धर्मप्रसाराची आस होती की नव्हती, याने त्या मुलींच्या पोटात पडलेले अन्न खोटे ठरत नाही.

शिवाय ज्यांना त्या काळी धर्मांतराची खरी चिंता वाटली, त्यांनी काय केले? लाला लजपतराय यांनी 1897 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत हिंदू अनाथ मुलांसाठी मदतीची मोहीम उभी केली, मुलांना आसरा दिला. धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि प्लेगच्याच धामधुमीत 1900 मध्ये तो हिंगण्याला हलवला. याच कर्व्यांच्या पत्नी गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, शारदा सदनात शिकलेल्या. रमाबाईंच्या छपराखाली राहून, त्यांच्या हाताखाली शिकून त्या हिंदू राहिल्या, 1893 मध्ये त्यांचा पुनर्विवाह झाला आणि कर्व्यांच्या सगळ्या कामाला त्यांचा आधार मिळाला. 'जी गेली ती बाटली' असे म्हणणाऱ्यांनी निदान बायांचे नाव विसरू नये.

लसीबद्दलच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. लस तयार करणारे हाफकिन ज्यू होते आणि 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबईत मांडवीच्या वस्तीत सप्टेंबर 1896 मध्ये प्लेग प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस गोव्याचे ख्रिस्ती होते, आणि त्यांनी इशारा दिला नसता तर मुंबईत आणखी कितीतरी माणसे गाफीलपणे मेली असती. दवाखान्याविषयीच्या अफवांनी तेव्हा काय झाले हेही नोंदलेले आहे: 29 ऑक्टोबर 1896 रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढवला. तशाच अफवा सव्वाशे वर्षांनी नव्या पिढीला इतिहास म्हणून वाढल्या जात आहेत.

पदकाचे म्हणाल, तर रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक 1919 मध्ये मिळाले, प्लेगनंतर 22 वर्षांनी. तेच पदक 1915 मध्ये गांधीजींनाही मिळाले होते. गांधीजींनी ते 1920 मध्ये परत केले, रमाबाईंनी केले नाही, एवढा फरक मी मान्य करते. पण त्यावरून 1897 साली त्या रँडच्या बाजूला होत्या असे म्हणणे म्हणजे पुढच्या काळातल्या सन्मानाने मागच्या काळातला गुन्हा सिद्ध करणे होय.

राहता राहिला कोरोना. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागल्यावर खेड्यापाड्यांत मदतीच्या नावाखाली मोठ्या प्रमाणावर बाटवाबाटवी झाली, असे मजकूर म्हणतो. त्यात गावाचे नाव नाही, तारीख नाही, तक्रारीची नोंद नाही, मदत घेतलेल्या एकाही माणसाचे म्हणणे नाही. त्या महिन्यांत गुरुद्वारांनी लंगर चालवले, मशिदींतून आणि चर्चमधून शिधा वाटला गेला, संघाच्या स्वयंसेवकांनी जेवण पोहोचवले, आणि असंख्य साध्या माणसांनी कोणत्याही झेंड्याशिवाय रस्त्याने चालणाऱ्या मजुरांना पाणी दिले. यांपैकी कोणी संकटाचा फायदा घेऊन कोणावर धर्म लादला असेल, तर तो नाव-गाव घेऊन सांगावा आणि पोलिसांत जावे. मीही त्याच्या बाजूने उभी राहीन. तोवर 1897 च्या छापील नोंदी न तपासता लिहिलेल्या मजकुराच्या भरवशावर मी 2020 च्या शेजाऱ्यांवर आरोप करणार नाही, आणि आमच्या ग्रुपवर तो कोणी पुन्हा टाकला तर मी हेच उत्तर पुन्हा टाकेन.