‘उभ्या जन्मात वल्हे धरले आहे का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

वेस्टमिन्स्टर आणि इटन या दोन इंग्लिश शाळांच्या वल्हवण्याच्या संघांवर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘खाडीकाठचा’ या टोपणनावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिच्यात तीन-चार आक्षेप आहेत, पण त्या सर्वांच्या डोक्यावर हे वाक्य बसवलेले आहे : ‘सरदारांच्या पोरांचे गोड्या, संथ पाण्यातले खेळ रंगवून सांगणाऱ्या या लेखकाने उभ्या जन्मात वल्हे हातात धरलेले दिसत नाही, धरले असते तर आपल्या खाडीकडे पाठ फिरवून तो थेम्सवर गेला नसता.’

आधी एक गोष्ट मान्य करतो. थेम्सवरच्या हेन्ली गावी होणाऱ्या वल्हवण्याच्या शर्यती १८३९ साली सुरू झाल्या हे बरोबर असले तरी त्यांच्या नावातला ‘रॉयल’ हा शब्द १८५१ मध्ये राजाश्रय मिळाल्यावर आला. मी १८३९च्या संदर्भातही तेच नाव वापरले होते, ते आपण दाखवून दिलेत आणि मी लेखात तशी दुरुस्ती केली आहे. त्याबद्दल आभार.

आता त्या वाक्याकडे वळतो. माझे वडील दाभोळच्या खाडीत तर, म्हणजे माणसांना पलीकडच्या तीरावर पोचवणारी होडी, चालवीत. फेरीबोट, तिच्यावर चढणाऱ्या मोटारी, तिकिटाची खिडकी यांतले काहीही नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे. होडीच्या काठावर ठोकलेल्या लाकडी खुंटीला वल्हे काथ्याच्या दोरीने बांधलेले असे, आणि निघण्यापूर्वी ते ती दोरी ओंजळभर पाण्याने भिजवून घेत, कारण कोरडी दोरी लाकडावर घासून करकरते आणि लवकर तुटते. ओहोटीच्या वेळी होडी सरळ समोरच्या तीरावर नेता येत नाही. वाशिष्ठी नदीचे पाणी समुद्राकडे ओढ घेत असते, म्हणून नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वरच्या अंगाला धरून होडी तिरकी काढावी लागते, आणि नवख्याला वाटते की नावाडी भलतीकडेच चालला आहे. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. वडिलांचा दुसरा हात म्हणून मी त्याच फळीवर बसत असे, आणि त्या वल्ह्याचे घट्टे माझ्या तळहातावर कॉलेजला जाईपर्यंत होते. न पाहिलेल्या माणसाच्या हातांविषयी इतक्या ठामपणे लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि नेमके त्या होडीमुळेच मला ती इंग्लिश मुले कळली. वेस्टमिन्स्टर आणि इटन यांची पहिली शर्यत १८२९ साली झाली. तेव्हा वल्हे टेकवण्यासाठी बाजूला काढलेले लोखंडी आधार शर्यतीच्या होड्यांना नव्हते आणि सरकती बैठकही नव्हती. ते आधार १८४०च्या दशकात रुळले आणि बैठक १८७०च्या दशकात आली. म्हणजे त्या वर्षीची मुले स्थिर फळीवर बसून, होडीच्या काठावरच टेकवलेले वल्हे पाठीच्या आणि खांद्यांच्या जोरावर ओढत होती. पायांचा जोर पूर्णपणे वापरता येतो तो बैठक सरकू लागल्यावर. कंबर कुठे धरते, दम कुठे संपतो, पाण्यातून वल्हे उशिरा निघाले की ते हातात कसे उसळते, हे मला त्या शर्यतीचे वर्णन लिहिताना कोणी सांगावे लागले नाही.

‘गोडे, संथ पाणी’ हा आपला शब्दप्रयोगही तपासून पाहावा. थेम्सला टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत भरती-ओहोटी लागते, आणि वेस्टमिन्स्टर शाळा त्या बंधाऱ्याच्या पुष्कळ खाली, थेट लंडन शहरात आहे. तिथल्या मुलांना पाण्याची वेळ पाहूनच होडी सोडावी लागे, जशी ती आपल्याला पाहावी लागते. इटनची मुले विंडसरजवळच्या, भरती न पोहोचणाऱ्या पाण्यात शिकलेली होती. १८२९ची शर्यत भरतीच्या पाण्यात, पटनीच्या पुलाजवळ झाली आणि तरीही इटन जिंकले. मला त्या शर्यतीचे आकर्षण वाटले ते या कारणाने. सरदारांची पोरे आहेत म्हणून मी भुललो, असे आपण लिहिलेत. पण आपण लेख शेवटपर्यंत वाचलात की नाही, याचीच मला शंका येते.

खाडीकडे पाठ फिरवल्याचा आरोप मला सर्वांत अधिक लागला, म्हणून त्याचेही उत्तर देतो. नारळी पौर्णिमेच्या शर्यतीत आमच्या हायस्कूलच्या मुलांची होडी उतरत असे. त्या होडीत कोण बसले, कोणत्या साली कोण जिंकले, होडी कोणाची उसनी आणली, याची एक ओळसुद्धा शाळेत लिहिलेली नाही. मी कार्यालयात जाऊन विचारले तेव्हा क्रिकेटच्या ढाली काचेच्या कपाटात होत्या आणि होडीच्या संघाचे नाव कोणालाही ठाऊक नव्हते. उलट वेस्टमिन्स्टरच्या संघाच्या नोंदवह्या १८१३ पासूनच्या आहेत. त्या वर्षी मुलांची सहा वल्ह्यांची होडी होती आणि तिचे नाव ‘फ्लाय’ होते, हे आज दोनशे वर्षांनंतर आपल्याला कळते, कारण कोणा विद्यार्थ्याने ते वहीत लिहून ठेवले. संघाचा इतिहास म्हणजे काय असतो हे मला दाखवायचे होते. ज्या संघाचे कागद आहेत त्याच्यावरच ते दाखवता येते. आमच्या मुलांविषयी मी आठवणी लिहू शकतो; आठवणींना मी इतिहास म्हणणार नाही, आपण म्हणत असाल तर खुशाल म्हणा.

त्याच लेखात १८४० सालच्या घटनेवर मी विस्ताराने लिहिले होते, त्याविषयी आपल्या प्रतिक्रियेत एक शब्दही नाही. तोवर इटनमध्ये नदी मुलांना नियमाने बंद होती आणि शाळा काणाडोळा करीत होती. त्या वर्षी एक मुलगा बुडाला. तेव्हा मुख्याध्यापक हॉट्री यांच्या काळात शाळेने वल्हवण्याला उघड मान्यता दिली आणि सोबत अट घातली की पोहण्याची परीक्षा दिल्याशिवाय कोणीही होडीत बसायचे नाही. नांगरलेल्या पडावापर्यंत पोहून जाऊन परत आल्याखेरीज माझ्या वडिलांनी मला वल्ह्याला हात लावू दिला नव्हता. बंदी घालून मुले पाण्यापासून दूर राहत नाहीत, हे दाभोळच्या तरीवाल्याला आणि इटनच्या मुख्याध्यापकांना सारखेच कळले होते. किनाऱ्यावरच्या आपल्या शाळांनी विचार करावा असा लेखातला भाग हाच होता.

राहिलेले आक्षेप थोडक्यात. हेन्लीच्या कारभाऱ्यांनी १८७९ साली कारागीर आणि मजूर यांना हौशी खेळाडूंतून वगळले, तो नियम १९३७ पर्यंत टिकला आणि १९२० साली अमेरिकन वल्हेपटू जॉन केली यांचा अर्जही नाकारला गेला, हे मला ठाऊक आहे. तो नियम अन्यायाचा होता. माझा लेख १८४० ला संपतो, त्यामुळे तो त्यात आला नाही, एवढेच. दत्तू भोकनळ यांचा उल्लेख नाही हा आक्षेप तर मला समजलाच नाही. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा हा माणूस सैन्यात जाऊन वल्हवणे शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्याने सुवर्णपदक मिळवले; त्याच्याविषयी मला अपार आदर आहे, पण शालेय संघांवरच्या लेखात त्याला ओढूनताणून आणणे त्याला शोभले नसते.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. आमच्या किंवा तुमच्या शाळेच्या होडीचा एखादा फोटो, बक्षिसाचा कागद, नावांची यादी तुमच्या घरी असेल तर पाठवा, मी ती तुमच्या नावाने छापीन. त्यासाठी मात्र टोपणनाव सोडून खरे नाव सांगावे लागेल. आणि माझ्या वल्ह्याविषयी अजूनही शंका असेल, तर दाभोळच्या धक्क्यावर संध्याकाळी वडिलांच्या बरोबरीची माणसे बसलेली असतात, त्यांना विचारा.