मुठीचा डबा

गेल्या ऑक्टोबरात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले तिघेजण माझ्याकडे वेल्समध्ये, कार्डिफला उतरले. एक पाळक (चर्चचे धर्मगुरू), त्यांची बायको आणि आईच्या ओळखीतली एक मावशी, जिने बावीस वर्षं कुष्ठरोग्यांच्या जखमा धुऊन बांधल्या आहेत. दारात चपला काढता काढता मावशी म्हणाली, "सलाम गं बाई, किती बारीक झालीस." सोळा वर्षं मी इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. रोज शंभर माणसं मला नमस्कार-चमत्कार करतात, पण चर्चच्या ओट्यावरचा तो 'सलाम' कानावर पडला आणि मला बोलताच येईना.

दक्षिण वेल्सच्या एका खोऱ्यातल्या चॅपलने, म्हणजे छोट्या चर्चने, त्यांना बारा दिवसांसाठी बोलावलं होतं. विमानाची तिकिटं चॅपलने काढली आणि येताना-जाताना कोणाच्या हातात पाकीट दिलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे कोणी सेवक परदेशी जाऊन आला की पहिला प्रश्न पैशाचाच असतो. दुसऱ्या रात्री चहा घेताना पाळकांनी येण्याचं खरं कारण सांगितलं. "ताई, पाचारण विझत आलंय असं वाटतं. उपदेशाला उभा राहतो तेव्हा तोंड बोलतं, मन बोलत नाही."

पाचारण हा शब्द आमच्या मंडळीबाहेर, म्हणजे चर्चच्या समुदायाबाहेर, फारसा कोणी वापरत नाही. देवाने नाव घेऊन एखाद्या कामाला बोलावलं, तो हाक मारण्याचा क्षण. तो आयुष्यात एकदा येतो असं आम्हाला लहानपणी शिकवलेलं. तो पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो, हे मला या बारा दिवसांत कळलं.

ते का थकले होते, हे समजायला तिकडची परिस्थिती सांगावी लागेल. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्याच सुवर्णसौध या विधानभवनात हिवाळी अधिवेशन चालू असताना कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं, आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. धर्म बदलायचा तर तीस दिवस आधी जिल्हा प्रशासनाला लेखी कळवायचं, मग लोकांचे आक्षेप मागवायचे. आमिषाने किंवा जबरदस्तीने धर्मांतर केल्याचं ठरलं तर तीन ते पाच वर्षं कैद. ती व्यक्ती दलित, आदिवासी, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर दहा वर्षांपर्यंत. जून २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने तो मागे घ्यायचं ठरवलं. पण गावात कायद्यापेक्षा कायद्याची चर्चा जास्त दिवस राहते. एका आजारी बाईच्या घरी प्रार्थनेला बसले असताना पाच-सहा तरुण दारात येऊन उभे राहिले आणि "परवानगी दाखवा" म्हणाले. पाळकांच्या बायकोने त्यांना आत बोलावून चहा विचारला. कोणी घेतला नाही. त्या घरच्या लोकांनीच दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, आता येऊ नका.

जबरदस्तीला शिक्षा असावी, यात मला शंका नाही. पण माझ्या मनात काय चाललंय ते महिनाभर आधी कचेरीत जाऊन लिहून द्यायचं, आणि शेजाऱ्याने त्यावर हरकत घ्यायची, हे मला कोणत्याच धर्माच्या माणसासाठी मान्य नाही. त्यात 'स्त्री' हा शब्द अल्पवयीनांच्या रांगेत बसवलेला बघून नर्स म्हणून, बाई म्हणून मला फार लागलं.

दुसरा थकवा घरातलाच होता. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं, १८३२ मध्ये पुढे बेननस्मिथ म्हणून ओळखली गेलेली शाळा निघाली, १९०४ मध्ये सगळा कारभार अमेरिकन मेथडिस्ट पंथाकडे गेला. या दोनशे वर्षांत आमच्या ख्रिस्ती घरांतून मराठीही बोलली गेली आणि कन्नडही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यापासून मात्र भाषा ही कोणाच्या बाजूचा आहेस ते सांगायची खूण झाली. १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्यावर काळा दिन. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, असा नियम २०२४ पासून आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत बसमध्ये भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस सीमेपाशी थांबल्या. हे सगळं चर्चच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. आमच्या पाळकांच्या मंडळीत आता पंधरा-वीस कन्नड घरं आहेत. त्यांनी बायबलमधलं एक वचन कन्नडमध्ये वाचू द्या अशी विनंती केली, त्यावरून वर्षभर भांडण चाललं होतं. "आज वचन, उद्या भजन, परवा पाटी," असं एक वडीलधारे म्हणाले.

ते वडीलधारे मला परके नाहीत. मराठी शाळा ओस पडताना त्यांनी पाहिल्या आहेत. सातबारा मराठीत मागायला गेलं की कसं उत्तर मिळतं, ते त्यांनी सोसलं आहे. इथे बसून त्यांना मन मोठं करायला सांगणं सोपं आहे, म्हणून मी ते सांगत नाही. मी फक्त काय पाहिलं ते सांगते.

वेल्समध्ये रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत आधी 'आराव' लिहिलेलं असतं, मग 'स्लो'. दोन्हींचा अर्थ हळू. एकोणिसाव्या शतकात इथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. ती भाषा तगली, त्याचं मोठं श्रेय इथले लोक १५८८ च्या वेल्श बायबलला देतात. विल्यम मॉर्गन नावाच्या धर्मगुरूने ते पूर्ण केलं. शाळेत, कोर्टात इंग्रजी असली तरी रविवारी चॅपलमध्ये भाषा आपली होती. २०११ मध्ये कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला. तरी २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.८ टक्केच निघाले.

आणि ती चॅपलं? त्याच जनगणनेत वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४३.६ टक्के आणि कोणताच धर्म नाही म्हणणारे ४६.५ टक्के. खोऱ्यातून गाडीने जाताना मी पाहुण्यांना दाखवत होते: हे चॅपल आता फ्लॅट झालं, ते गालिच्यांचं दुकान, ते कुलूपबंद. पाळक खिडकीला नाक लावून बघत होते. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "इथं तर कुणी अडवत नाही की." खरंच, इथे प्रार्थनेला कोणी अडवत नाही. आणि कोणी येतही नाही.

ज्या चॅपलने त्यांना बोलावलं होतं, तिथे रविवारी सव्वीस माणसं होती. मी मोजली. बहुतेक सत्तरीच्या पुढची. तिथले पाळक होते मिझोरामचे. खासी डोंगरात वेल्सचे मिशनरी १८४१ मध्ये गेले, मिझोरामला १८९७ मध्ये. आता मिझो चर्च उलट इकडे पाळक पाठवतं. खाणी बंद पडल्यावर या खोऱ्यातली कामं गेली, तरुण गेले, दारू आणि नशेच्या गोळ्या आल्या. चॅपलने मागचा हॉल आठवड्यातून तीन दिवस उघडा ठेवलाय. शिधा मिळतो, गरम सूप मिळतं, थंडीत ज्यांना घरात हीटर लावणं परवडत नाही ते दिवसभर येऊन बसतात. आत येणाऱ्याला तू चर्चला येतोस का, असं कोणी विचारत नाही.

मावशी पहिल्याच दिवशी तिथे एका माणसापुढे खाली बसली. पन्नाशीचा, पूर्वी बांधकामावर असलेला, पायाला मधुमेहाची जखम. इथे जखम कोणीही उघडून बघायची नसते, नियम आहेत, मी तिला थांबवायला पुढे झाले. पण तिने जखमेला हात लावलाच नाही. तिने त्याचा बूट हातात घेतला, आत बोटं घालून चाचपला आणि तळातून आत घुसलेला खिळा मला दाखवला. कुष्ठरोगात पाय बधिर होतो, खडा टोचला तरी कळत नाही. म्हणून ती बावीस वर्षं सगळ्यात आधी चप्पल तपासते. तिला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी. माझ्या तोंडून त्याला ते समजेपर्यंत त्याचे डोळे भरून आले होते. मग रीतसर नर्सला बोलावलं, नवे बूट आले.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात दुसरी गोष्ट घडली. मिझो पाळकांची बायको भात टाकत होती. तांदूळ धुण्याआधी तिने एक मूठ काढून बाजूच्या डब्यात टाकली. आमच्या पाळकीणबाईंनी विचारलं, हे काय? तिने सांगितलं, याला 'बुहफाई थाम' म्हणतात. मिझोराममध्ये १९१० पासून ख्रिस्ती बायका प्रत्येक स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ देवासाठी काढून ठेवतात. मंडळीतल्या बायका तो गोळा करून विकतात आणि त्यावर मिशनरी जातात. कोणी परदेशी साहेब लागत नाही. पाळकीणबाई डब्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या आजीचापण असा डबा होता. मुठीचा डबाच म्हणायचे. परदेशातनं पैसा यायला लागला आणि डबा बंद झाला."

माझ्या आजीचाही होता. ॲल्युमिनियमचा, झाकणावर खिळ्याने क्रूस कोरलेला. मी तो पार विसरले होते.

पाळकीणबाईंच्या त्या वाक्याने मला माझी चूक दिसली. आमच्याकडच्या काही सेवाकार्यांची पत्रकं वर्षानुवर्षं मी इंग्रजीत करून दिली आहेत. यंदा इतके बाप्तिस्मे, इतकी नवी गावं, इतक्यांनी हात वर केले. परदेशी देणगीदाराला आकडा लागतो म्हणून आकडा पुढे. आणि तोच आकडा आमच्यावर आरोप करणारे हातात घेऊन फिरतात. दोघांना मोजायची तीच माणसं आहेत, एकाला आनंदासाठी, दुसऱ्याला भीतीसाठी. बुटात बोटं घालून खिळा शोधणारी मावशी त्या पत्रकात कधीच आली नाही, कारण तिच्या नावापुढे आकडा नव्हता. असलं पत्रक मी आता लिहून देणार नाही, आणि तिकडच्या सेवकांना माझं सांगणं आहे की तुम्हीही छापू नका. कायद्याशी भांडायचं तर स्वच्छ हातांनी भांडता येईल.

परदेशभेट वाईट नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला. पण माझ्या श्रद्धेचा निवाडा माझी सदसद्विवेकबुद्धी करेल, हे त्या सिस्टरांनाही ठणकावून सांगत राहिल्या. १९०३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या धार्मिक जागृतीची बातमी ऐकून त्यांनी मुलगी मनोरमाबाई आणि सहकारी मिनी अब्राम्स यांना तिकडे पाठवलं. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनात जी जागृती झाली, तिच्या मागे तो प्रवासही होता. जन्माने कर्नाटकातल्या जंगलातल्या, बोलीने मराठी. आमच्या सीमाभागाने त्यांना आपलं म्हणायला हवं. जाऊन पाहायचं, आणि आपल्या माणसांत परत यायचं, ही रीत त्यांनी घालून दिली आहे.

शेवटच्या आठवड्यात मी तिघांना उत्तरेला बाला गावी नेलं. १८०० मध्ये मेरी जोन्स नावाची पंधरा वर्षांची विणकराची पोर साठवलेले पैसे घेऊन डोंगरातून चाळीसेक किलोमीटर चालत इथे आली होती, आपल्या भाषेतलं बायबल विकत घ्यायला. तिच्या त्या चालण्यातून प्रेरणा घेऊन १८०४ मध्ये लंडनला बायबल सोसायटी उभी राहिली, असं इथे सांगतात. त्याच सोसायटीच्या मदतीने पुढे मराठी बायबल घराघरात पोचलं. पाऊस होता, तळ्यावर धुकं होतं. पाळक बराच वेळ तिथल्या बायबलच्या काचेपुढे उभे होते. परतताना गाडीत म्हणाले, "या पोरीला आपल्याच भाषेतलं बायबल हवं होतं, म्हणून चालत आली." थोड्या वेळाने पुन्हा, "आमच्या कन्नड घरांतल्या पोरीपण चालतच येतात. तीन किलोमीटर."

वेल्सची गोष्ट जशीच्या तशी बेळगावला लावता येत नाही, हेही लिहायला हवं. इथे एक भाषा सत्तेची आणि एक दबलेली. आमच्याकडे कचेरीतली कन्नड सत्तेची आहे, पण चालत येणाऱ्या त्या पोरीची कन्नड शेतमजुराची आहे, माझ्या आजीच्या मराठीइतकीच गरीब. पहिल्या कन्नडशी लढावं, अर्ज करावेत, कोर्टात जावं. तो आमचा हक्क आहे आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेच. दुसरीला दारात अडवलं, तर परवानगी विचारत उभ्या राहिलेल्या त्या पोरांना आम्ही काय तोंडाने उत्तर देणार? १८९४ चा कन्नडचा मोठा शब्दकोश बासेल मिशनचे जर्मन मिशनरी किटेल यांनी केला, धारवाड-मंगळूर भागात अनेक वर्षं घालवून. आमच्या मंडळीत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हटली जातात. मला दोन्ही आमचेच वाटतात.

जाताना पाळकीणबाईंनी मिझो बाईकडून एक रिकामा डबा मागून घेतला. बिस्किटांचा, निळा. मावशीच्या पिशवीत मी बधिर पायांसाठीचे मऊ सोल भरले.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पाळकांचा फोन आला. वचन आधी मराठीत वाचलं, मग कन्नडमध्ये. कन्नड वाचणारी आठवीतली मुलगी मध्ये एकदा अडली, तेव्हा पुढचा शब्द त्या वडीलधाऱ्यांनीच बसल्या जागेवरून सांगितला. नोकरी धारवाडला झालेली, कन्नड त्यांना चांगली येते. तरी दोन कुटुंबं उठून बाहेर गेली. पुढच्या रविवारी त्यांतलं एक परत आलं. दुसऱ्याकडे पाळक जाऊन आले आहेत, पुन्हा जाणार आहेत. डब्यात तीन आठवड्यांत साडेसात किलो तांदूळ जमला.