गर्दी कोणामुळे झाली? ‘बेशिस्त जनते’च्या दाव्याला उत्तर

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ च्या अखेरीस, भाजीबाजारातील गर्दीच्या छायाचित्रासह एक मजकूर व्हॉट्सॲपवर घरोघरी फिरत होता, आणि साथीचा विषय निघाला की तो आजही नव्याने पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे : निर्बंध कडक करावे लागले ते लोकांच्या बेशिस्तीमुळे, दुकानांना वेळ ठरवून दिली तरी लोकांनी गर्दीच केली, टाळेबंदी जाहीर होताच हावरेपणाने साठा केला, घरात स्वस्थ बसणेही त्यांना जमले नाही, सरकारने धान्य आणि पैसे दिले तरी ते रस्त्यावर आले, शिस्त पाळली असती तर दुसरी लाट आलीच नसती, आणि आपल्या लोकांना दंडुक्याचीच भाषा कळते.

मी त्या काळात पुण्याच्या पूर्व भागातील एका पेठेत राहत होते आणि वस्तीतील आजारी घरांना वाणसामान पोहोचवणाऱ्या गटात काम करत होते. निर्बंध नकोत असे माझे म्हणणे तेव्हाही नव्हते, आजही नाही. एप्रिल २०२१ च्या मध्यावर राज्यात रोज साठ हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडत होते, ऑक्सिजनची खाट मिळवण्यासाठी नातेवाईक रात्रभर फोन करत होते, आणि अशा वेळी माणसांचे एकमेकांना भेटणे कमी करणे भागच होते. माझा आक्षेप आहे तो निर्बंधांच्या आखणीतील दोष लोकांच्या स्वभावावर ढकलण्याला.

पहिला मुद्दा ठरावीक वेळेतील गर्दीचा. त्या महिन्यात पुण्यात राहणाऱ्या माणसासमोर नियम कोणत्या क्रमाने आले ते आधी आठवावे. ३ एप्रिलपासून शहरात संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी लागली आणि पीएमपीच्या बस बंद झाल्या. ५ एप्रिलला रात्री आठपासून राज्याचे ‘ब्रेक द चेन’ आदेश आणि शनिवार-रविवारची टाळेबंदी आली. १४ एप्रिलला रात्री आठपासून राज्यभर जमावबंदीसह आणखी कडक नियम लागू झाले. २० एप्रिलपासून किराणा, भाजी, फळे, दूध, मटण-मासळी अशा सर्व दुकानांची वेळ सकाळी सात ते अकरा इतकीच राहिली, आणि २२ एप्रिलपासून प्रवास, कार्यालयांतील उपस्थिती व लग्नसमारंभ यांवर नवी बंधने आली. म्हणजे वीस दिवसांत पाच वेळा नियम बदलले, आणि प्रत्येक बदलानंतर दूध किती वाजता आणायचे, कामावर कसे जायचे, औषध कुठून मिळवायचे, हे घरोघरी नव्याने ठरवावे लागले.

यांतील २० एप्रिलचा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याआधी राज्याच्या आदेशानुसार जीवनावश्यक वस्तूंच्या दुकानांना सकाळी सात ते रात्री आठ अशी मुभा होती. एखाद्या वाण्याकडे दिवसाला सहाशे गिऱ्हाइके येत असतील, तर तेरा तासांत ती तासाला सेहेचाळीसच्या आसपास विभागली जात. तीच सहाशे माणसे चार तासांत आली की तासाला दीडशे होतात. एकाही माणसाने कोणताही नियम मोडला नाही तरी दुकानासमोरची गर्दी तिपटीहून अधिक वाढते. वेळ कमी करण्यामागे सरकारचे कारण होते आणि ते खोटे नव्हते : किराण्याचे निमित्त करून काही लोक दिवसभर बाहेर हिंडत होते. मात्र त्या हिंडणाऱ्यांना आवरण्यासाठी उरलेल्या सर्वांना एकाच सकाळी एकाच अरुंद गल्लीत आणून उभे केले गेले.

‘मग घरपोच का मागवले नाही?’ असेही विचारले जाते. घरपोच सेवेला रात्री आठपर्यंत परवानगी होती हे खरे आहे. पण आमच्या वस्तीतील निम्म्याहून अधिक घरे वाण्याकडे वहीवर उधारीने माल घेत, पाव किलो तेल आणि अर्धा किलो साखर अशा हिशेबाने रोजचे रोज. असा माल पोहोचवायला कोणी माणूस पाठवत नाही. शिवाय ज्यांच्या घरी फ्रिज नाही, त्यांना एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांची भाजी किंवा दूध ठेवता येत नाही. त्यांना रोजच बाहेर पडावे लागते. सकाळच्या पाळीला जाणाऱ्या परिचारिकेला आणि सफाई कामगाराला तर सात ते अकरा ही वेळ मिळतच नव्हती, आणि त्यांच्या घरची खरेदी शेजारणीच्या पिशवीतून होत असे.

भाजीबाजाराच्या त्या छायाचित्रामागची एक गोष्ट मी रोज पाहत होते. आमच्या कोपऱ्यावर पथारी मांडणाऱ्या एक मावशी पहाटे माल उचलून आणत, पथारी लावेपर्यंत साडेसात होत आणि अकराच्या ठोक्याला सगळे आवरावे लागे. उरलेली मेथी आणि कोथिंबीर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारी नव्हती, म्हणून साडेदहानंतर त्या जुडीचा भाव निम्म्यावर आणत. हातात रोज मोजकेच पैसे असलेल्या बायका त्या अर्ध्या तासाची वाट पाहत थांबत. सर्वाधिक दाटी साडेदहा ते अकरा या वेळात होई आणि तिचे कारण तो उतरलेला भाव होता. ज्याने ते दृश्य टिपले त्याने बहुधा त्या बायकांना काही विचारले नसावे.

दुसरा आरोप साठेबाजीचा आहे, आणि त्याला उत्तर देण्यासाठी २०२० कडे वळावे लागते. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि ती त्याच मध्यरात्रीपासून लागू झाली. मधल्या चार तासांत लोक दुकानांकडे धावले. पुण्यात १० जुलै २०२० ला, शुक्रवारी, दहा दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. ती सोमवारी, १३ जुलैला मध्यरात्रीपासून सुरू होणार होती आणि पहिले पाच दिवस दूध व औषधांखेरीज जवळजवळ काहीच मिळणार नव्हते. पाच दिवस किराणा आणि भाजी मिळणार नाही असे तीन दिवस आधी सांगितल्यावर घरातील जबाबदार माणसाने काय करावे? ज्या आईने त्या शनिवारी रांगेत उभे राहून पाच किलो तांदूळ आणि कांदे-बटाटे आणले, तिने आपले कर्तव्य केले. तिला हावरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

‘घरात बसायला काय जाते?’ हा तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त लागतो, कारण तो लिहिणाऱ्याने ‘घर’ या शब्दाचा एकच अर्थ धरलेला आहे. आमच्या भागात दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात. तिथे मोरी घरात असते, शौचालय मात्र गल्लीच्या टोकाला असते आणि ते वीस-पंचवीस कुटुंबांत मिळून असते. एरवी अशा घरातील माणसे पाळीपाळीने घर वापरतात : पुरुष कामावर, मुले शाळेत, आजोबा कट्ट्यावर, रात्रपाळीचा मुलगा दुपारी झोपलेला. सर्वांनी एकाच वेळी चोवीस तास आत राहण्यासाठी ती खोली बांधलेलीच नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी दोन वाजता दारात येऊन बसलेल्या म्हाताऱ्याला पोलिसांनी आत जायला सांगितले, तेव्हा तो आत गेला आणि दहा मिनिटांनी घामाघूम होऊन पुन्हा दारात आला, हे मी पाहिले आहे. त्याच्या त्या दारात येण्याला बेशिस्त म्हणायला माझे मन तयार नाही.

घरांच्या या फरकाचा आजाराशी असलेला संबंध मोजला गेलेला आहे. पुण्यातील पाच प्रभागांत २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात १,६६४ जणांच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. त्यांत येरवडा, कसबा पेठ-सोमवार पेठ आणि लोहियानगर-कासेवाडी हे प्रभाग होते. एकूण ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, म्हणजे त्यांना नकळत किंवा जाणवून संसर्ग होऊन गेला होता. स्वतंत्र शौचालय असलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते आणि सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत सुमारे ६२ टक्के. त्याच जुलै महिन्यात मुंबईच्या तीन विभागांत झालेल्या पाहणीत झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के आणि बाहेरच्या सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. हे दोन्ही अभ्यास जवळजवळ चार महिन्यांच्या टाळेबंदीनंतरचे आहेत. त्या चार महिन्यांत या लोकांनी कामावर जाणे थांबवले होते, पण शौचालयाची रांग आणि पाण्याचा नळ त्यांना थांबवता येणार नव्हता.

चौथा मुद्दा मदतीचा. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, अन्नसुरक्षा योजनेतील सुमारे सात कोटी लाभार्थ्यांना प्रत्येकी तीन किलो गहू व दोन किलो तांदूळ महिनाभर मोफत दिले, आणि शिवभोजन थाळीही मोफत केली. ते धान्य आणि ती थाळी यांनी अनेक घरे तगली, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. पण पैशांचा हिशेब पाहावा. नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत फेरीवाले, घरकाम करणाऱ्या नोंदणीकृत महिला आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी दीड हजार रुपये एकदाच मिळायचे होते. निर्बंध मात्र आधी १ मे, मग १५ मे आणि मग १ जूनपर्यंत वाढत गेले. १४ एप्रिलपासून धरले तर अठ्ठेचाळीस दिवसांचे रोजचे एकतीस रुपये होतात, आणि त्यातून घरभाडे जायचे. शिवाय ‘नोंदणीकृत’ आणि ‘परवानाधारक’ या दोन शब्दांनी फार माणसे वगळली : रिक्षा भाड्याने घेऊन पाळीने चालवणाऱ्याकडे परवाना नसतो, तो मालकाकडे असतो, आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बहुतेक बायकांनी आपली कुठे नोंदणी होते हे त्या वेळी पहिल्यांदाच ऐकले. ज्या सोसायट्यांनी त्यांना फाटकातून आत येऊ दिले नाही, त्यांतील काहींनी पगार चालू ठेवला. अनेकांनी ठेवला नाही, आणि तिथूनही हा मजकूर पुढे पाठवला गेला.

आता पाचवा मुद्दा : लोकांच्या बेशिस्तीमुळे दुसरी लाट आली. यात सत्याचा अंश आहे, तो मी नाकारत नाही. जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये लग्नांत शेकडो माणसे जमत होती, मुखपट्टी हनुवटीवर आली होती, आणि राजकीय सभा-मेळाव्यांनीही तेच केले होते. पण त्याच काळात विषाणू बदलला होता. पुढे ज्याला डेल्टा म्हटले गेले त्याच्या वंशाचे, बी.१.६१७ चे, नमुने महाराष्ट्रात सापडले, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ ला दुहेरी उत्परिवर्तनाची माहिती जाहीर केली, आणि नंतर तोच प्रकार शिस्तीसाठी नावाजलेल्या देशांतही वेगाने पसरला. अमरावती आणि अचलपुरात फेब्रुवारीतच टाळेबंदी लावावी लागली होती. तेथील माणसे पुण्या-मुंबईच्या माणसांपेक्षा अधिक बेशिस्त होती असे कोणी दाखवून दिलेले नाही.

आणि शिस्तीचा पुरावा हवा असेल तर तो बाजाराच्या छायाचित्रापेक्षा मोठा आहे. १ जुलै २०२० ची आषाढी एकादशी आठवावी. पिढ्यान्‌पिढ्या पायी चालत जाणारे लाखो वारकरी त्या वर्षी घरी थांबले, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसने मोजक्या माणसांसह पंढरपूरला गेल्या, आणि पुढच्या वर्षीही तसेच झाले. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती दोन वर्षे घरात साजरी झाली, ६ डिसेंबर २०२० ला चैत्यभूमीवर येऊ नका हे आवाहन अनुयायांनी मानले, आणि गणेशोत्सवात मंडळांनी चार फुटांची मूर्ती स्वीकारली. रमजानची नमाज लोकांनी घरात पढली. आमच्या वाड्यातील एका आजींनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा वारी चुकवली. एकादशीच्या दिवशी त्या दारातील तुळशीभोवती चालत राहिल्या. ज्या समाजाने आपल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या गोष्टी सांगताच थांबवल्या, त्याला बेशिस्त ठरवण्यापूर्वी थोडा विचार व्हायला हवा होता.

राहिला दंडुका. २०२० च्या वसंतात रस्त्यावर उठाबशा काढायला लावल्या गेल्या, काठ्या पडल्या, आणि त्यात औषध आणायला निघालेलेही होते. त्याने गर्दी काही तास पांगली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा जमली, कारण तिच्यामागचे पोट तसेच होते. ज्या उपायांनी खरोखर फरक पडला ते वेगळ्या जातीचे होते. मुंबईत दादरच्या भाजीबाजाराची दाटी कमी करण्यासाठी घाऊक विक्री शीवच्या सोमय्या मैदानासारख्या मोकळ्या जागांवर हलवण्यात आली. तशीच एखादी शाळेची पटांगणे आमच्या पेठांत सकाळी उघडली असती, तर मावशींसारख्या पथारीवाल्यांना दहा-दहा फुटांवर बसता आले असते.

धारावीचे उदाहरण याहून बोलके आहे. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला, तेव्हा अडीच चौरस किलोमीटरच्या आतल्या त्या दाट वस्तीचे काय होणार या चिंतेने सारे शहर धास्तावले होते. तिथे महापालिकेने दारोदार आणि तापाच्या शिबिरांत तपासणी केली, सार्वजनिक शौचालयांचे दिवसातून अनेकदा निर्जंतुकीकरण केले, आणि घरी वेगळे राहणे शक्य नाही हे मान्य करून शाळा व क्रीडा संकुलांत विलगीकरणाची सोय केली, जिथे जेवण, पाणी आणि स्वच्छ शौचालय मिळत असे. लोक सुरुवातीला घाबरले. पण शेजारचा माणूस चौदा दिवसांनी धडधाकट परतलेला पाहिल्यावर पुष्कळजण स्वतःहून पिशवी भरून निघाले. २५ डिसेंबर २०२० ला धारावीत एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही.