दोन आठवडे, सात हजार डॉलर आणि एक हूडी

आत्ताच हळदीकुंकवाहून आले. साडीसुद्धा बदललेली नाही, तशीच टाइप करायला बसलेय. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर समजून घ्या, डोकं ठिकाणावर नाही.

आमच्या न्यू जर्सीतलं नेहमीचं हळदीकुंकू. बेसमेंटमध्ये पन्नासेक बायका, उसळ, बटाटेवडे, वाणाला सिलिकॉनचे चमचे. एकीने मला हळूच बाजूला घेतलं. (नाव लिहीत नाही. माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये नाही ती.) म्हणाली, "अगं, तुझी लेक त्या बोस्टनच्या मॅथ कॅम्पला गेली होती ना? तो कॉलेजच्या अर्जावर कितपत चांगला दिसतो?"

दिसतो!

काय शिकवतात, पोरीला आवडलं का, सहा आठवडे घराबाहेर कशी राहिली, जेवायचं काय केलं, काही नाही. दिसतो किती, तेवढं सांग. जसं काही मी नेकलेस घालून आले होते.

मग कळलं की तिच्या मुलाने गेल्या उन्हाळ्यात एका मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीत 'प्री-कॉलेज' केलं, म्हणजे शाळेतल्या मुलांचा उन्हाळी कोर्स. दोन आठवडे, सात हजार डॉलर. मुलगा तिथेच तिळगुळाचा ट्रे घेऊन फिरत होता, दहावीतला, उंच, जरा वाकून चालणारा. विचारलं त्याला, काय केलंस रे तिथे? म्हणाला, "लॅब टूर होती काकू. आणि ड्रोनवर एक लेक्चर." आणि? "हूडी मिळाली."

सात हजाराची हूडी. अशा कित्येक ठिकाणी खोल्या युनिव्हर्सिटीच्या, पाटी युनिव्हर्सिटीची आणि चालवणारी कंपनी तिसरीच. आपण मात्र गेटसमोरचा फोटो टाकून मोकळे. खाली दोनशे जणांचं 'प्राउड मोमेंट'.

आता माझ्या लेकीचं सांगते. जवळच्यांनी हे दहादा ऐकलंय, अकराव्यांदा ऐका.

ती प्रॉमिसला गेली होती, म्हणजे तोच मॅथ कॅम्प, बोस्टन युनिव्हर्सिटीत. शाळेत गणितात कधी अडली नव्हती, एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेत पाचपैकी पाच. आम्ही निर्धास्त. चौथ्या दिवशी रात्री फोन, आणि पोरगी हुंदके देऊन रडतेय. "आई, मला काहीच येत नाही." मला वाटलं आजारी पडली की कोणी काही बोललं. तर नाही. ऋण एक गुणिले ऋण एक बरोबर एक, हे सिद्ध करायचं होतं. तीन दिवस ती त्यावर बसली होती आणि वही रोज परत येत होती. ओरडा नाही, फुली नाही, मार्क नाहीत. तिसऱ्या ओळीशेजारी जांभळ्या पेनाने एकच शब्द: व्हाय?

"मायनस मायनस प्लस, हे सगळ्यांना माहीत आहे ना गं आई! तो म्हणतो, कोणी सांगितलं?"

तो म्हणजे तिचा काउन्सेलर, कॉलेजातला एकोणीस वर्षांचा पोरगा. रात्री अकरा वाजता डॉर्मच्या जमिनीवर मांडी घालून तिच्याबरोबर तासभर बसायचा, पण उत्तर सांगायचा नाही. मी त्या रात्री स्वतः बसले, किराण्याच्या पावतीच्या मागे. एम-थ्रीचा, म्हणजे तिसऱ्या गणिताच्या पेपरचा, बॅक काढून इंजिनियर झालेली बाई मी! नाही आलं. आधी कशालाही शून्याने गुणलं की शून्य का येतं, ते सिद्ध करावं लागतं. ते मी आयुष्यात कधी कोणाला विचारलं नव्हतं, आणि मला कोणी विचारूही दिलं नव्हतं.

ही पद्धत आजची नाही. अरनॉल्ड रॉस नावाच्या प्राध्यापकाने 1957 मध्ये नोत्र दाम युनिव्हर्सिटीत शाळेतल्या मुलांसाठी हा उन्हाळी उद्योग सुरू केला, रशियाने स्पुटनिक सोडला त्याच वर्षी. 1964 मध्ये तो ओहायो स्टेटला नेला. त्यांचं ब्रीदवाक्यच असं की साध्या गोष्टींचा खोल विचार करा. तिथे शिकून मोठे झालेल्यांनीच 1989 मध्ये बोस्टनला प्रॉमिस काढलं. गणितं देतात तीसुद्धा कशी, तर हे विधान खरं असेल तर सिद्ध करा, खोटं असेल तर ते वाचवता येतं का बघा. वाचवता येतं का! मला हे वाचून भरून आलं होतं. आपल्या शाळेत चुकलेलं उत्तर वाचवायला कोण बसलंय? लाल फुली आणि चला पुढे.

आणि यांच्या अर्जाबरोबर गणितं येतात, ती सोडवायला मुलं आठवडेच्या आठवडे घालवतात. तिथे चेकबुक चालत नाही. फी आहे, पण कमी उत्पन्नाच्या घरांना माफ होते. एमआयटीतलं रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट हे शाळेतल्या मुलांचं उन्हाळी शिबिर तर 1984 पासून चालू आहे आणि निवड झाली की राहणं, जेवण, शिक्षण, सगळं फुकट. आता प्रॉमिस बेंगळुरूलाही भरतं, आयआयएस्सीत. हे कोणी हळदीकुंकवात विचारत नाही.

आपलेच श्रीराम अभ्यंकर बघा. इथे इंडियानात, पर्ड्यू युनिव्हर्सिटीत, जगात नाव काढलेला गणिती. तो माणूस आयुष्यभर सांगत राहिला की हायस्कूलच्या बीजगणितात ताकद आहे, त्याला हलकं समजू नका. 1976 मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था उभी केली. आणि आपण? आपण त्याच हायस्कूलच्या बीजगणिताचा रेझ्युमे करतोय.

बरं, आता मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. लेकीच्या कॉलेजच्या अर्जावर प्रॉमिस सगळ्यात वर लिहिलं होतं. मीच लिहायला लावलं. ती म्हणत होती, खाली टाकू. झालं? कबूल.

आणि हो, अशा ठिकाणी जागा मोजक्या असतात, हेही खरं. ज्यांच्या घरात आईबाप विचारायला आहेत त्यांचीच मुलं जास्त पोचतात. आणि दोन आठवडे एकटं राहिलं की मुलगा निदान स्वतःचे कपडे तरी धुवायला शिकतो. बरं.

पण तरी.

टाइप करता करता राग थोडा उतरला, तर तिचा चेहरा आठवतोय. निघताना कोट घालताना म्हणाली, "अगं, आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेतच आहे. हा एकवीसचा झाला की आमच्या व्हिसावरून बाहेर. चांगलं कॉलेज मिळालं तर काहीतरी मार्ग निघेल." चौदा वर्षं झाली त्यांना इथे. मुलगा दोन वर्षांचा असताना आलेला, त्याला दुसरा देश आठवतसुद्धा नाही. आपल्यापैकी निम्म्या जणी या रांगेतून गेल्यात. काही अजून आहेत. मग तिने 'दिसतो किती' विचारलं तर मी एवढी का भडकले? तिने सात हजार डॉलर हूडीसाठी नाही दिले. भीतीपोटी दिले, आणि त्या प्री-कॉलेजवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. माझा राग खरं तर तिकडे जायला हवा होता. बिचारीला मी नुसतं "बघ बाई, मला नाही माहीत" म्हणून तोंड फिरवलं. उद्या फोन करते तिला.

मुलाशी मात्र नीट बोलले. शूज शोधत होते तेव्हा हा ट्रे ठेवून आला आणि अगदी हळू विचारतो, "काकू, तिथे खरंच कोणी उत्तर सांगत नाही?" मी त्याला त्या फोनची गोष्ट सांगितली, जांभळ्या पेनासकट. हसला नाही. "मग तिला शेवटी आलं?" आलं ना. सातव्या दिवशी, सकाळी दात घासताना. फेस तोंडात ठेवून तिने मला फोन केला होता, एक शब्द धड कळत नव्हता.

मग पर्समधून पेन काढून बटाटेवड्याच्या पेपर नॅपकिनवर त्याला लिहून दिलं, लेकीने कधीतरी मला दाखवलेलं. मूळ संख्या घे. 5 म्हणजे 4 अधिक 1. 13 म्हणजे 9 अधिक 4. 17 म्हणजे 16 अधिक 1. दोन वर्गांची बेरीज. पण 3, 7, 11 घे, जमत नाही. कुठल्या जमतात, कुठल्या नाही, बघ. त्याने नॅपकिनची घडी करून कुर्त्याच्या खिशात टाकली, तेलाच्या डागासकट. माझा नंबर घेतला. मला वाटलं आईने घ्यायला सांगितला असेल.

आत्ता 11:40 झालेत. हे लिहीत असतानाच तीन मेसेज आले. पहिल्यात 29, 37, 41 आणि 53, सगळ्यांच्या फोडी, एकीखाली एक. दुसऱ्यात, "चारने भागून बाकी 1 उरते त्याच जमतात, बाकी 3 वाल्या एकही नाही. 100 पर्यंत बघितल्या." तिसरा आत्ताच आलाय.

"पण काकू, 2 चं काय करायचं?"

काही उत्तर दिलेलं नाही. साडी बदलते आणि त्याला एवढंच पाठवते: तुला काय वाटतं?