पॅनिक अटॅकवरचे ‘पाच रामबाण उपाय’: एकेक करून बघू

‘पॅनिक अटॅक (अचानक उसळणारी तीव्र भीती, सोबत धडधड, धाप, घाम) आला की लगेच हे करा’ असा मेसेज थोड्याफार फरकाने ग्रुपवर फिरत असतो. खोल खोल श्वास घ्या, कागदी पिशवीत घेतलात तर उत्तम. सॉर्बिट्रेट (हृदयरोग्यांना छातीत दुखल्यावर देतात ती गोळी) जिभेखाली ठेवा. असाल तिथून ताबडतोब बाहेर पडा. मानसोपचाराच्या गोळ्या नकोत, सवय लागते. आणि मन खंबीर ठेवा. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण यातले दोन सल्ले सरळ धोक्याचे आहेत आणि बाकीचे दुखणं लांबवणारे.

आधी श्वास. अटॅकमध्ये हवा पुरत नाही असं वाटतं. खरं तर श्वास गरजेपेक्षा जास्त चाललेला असतो. बोटाला ऑक्सिमीटर लावा, ऑक्सिजनचा आकडा बहुधा ९८-९९ असतो. जादा श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्ताची आम्लता घटते, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. कधी बोटं आखडून वाकडी होतात. अशा माणसाला ‘अजून मोठा श्वास घे’ म्हणणं म्हणजे आगीत तेल. तोंड मिटून नाकाने साधा श्वास घ्यायचा, छाती भरून नाही. घेताना चारपर्यंत मोजायचं, सोडताना सहापर्यंत. एक हात पोटावर, एक छातीवर. हलायला हवा तो पोटावरचा. हा सराव एरवी, बरं वाटत असताना, रोज दोनदा पाच-पाच मिनिटं करावा. ऐन अटॅकमध्ये पहिल्यांदा करायला गेलं की जमत नाही, आणि ‘हेही जमेना’ ही आणखी एक भीती मागे लागते.

पिशवीमागचा तर्क आता लक्षात येईल: सोडलेला कार्बन डायऑक्साइड परत आत घ्यायचा. पण धाप हार्ट अटॅकची, दम्याची किंवा फुप्फुसातल्या गुठळीची असेल तर पिशवीत ऑक्सिजन आणखी घटतो. असे मृत्यू १९८९ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आहेत. पिशवी नकोच.

सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करतं, रक्तदाब उतरवतं. त्याला उत्तर म्हणून हृदय जोरात धावतं आणि डोकं ठणकतं. ज्याला धडधडीचीच धास्ती आहे, त्याला हे औषध! पहिलाच अटॅक असेल, छातीवर दाब असेल, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, मधुमेह असेल, तर गोळी शोधत बसू नका, १०८ लावा. ‘पॅनिकच असेल’ हे निदान ईसीजी आणि गरज पडल्यास रक्ततपासणीनंतर डॉक्टरने करायचं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही एकदा बघून घ्यावं. मात्र तपासण्या नीट झाल्यावर दर धडधडीला नवा ईसीजी काढणं हाही त्याच आजाराचा भाग होऊन बसतो.

मेसेजमधला सगळ्यात निरुपद्रवी वाटणारा, पण सगळ्यात महागात पडणारा सल्ला म्हणजे ‘बाहेर पडा’. मुंबईत दादरला विरार फास्ट लोकल पकडलेला माणूस घ्या. अंधेरीनंतर गाडी बहुतेकदा थेट बोरिवलीलाच थांबते, मध्ये उतरता येत नाही, या विचारानेच त्याला घाम फुटतो आणि तो अंधेरीलाच उतरतो. बाकावर बसला की बरं वाटतं. मेंदू धडा घेतो: उतरलो म्हणून वाचलो. वास्तविक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप ओसरतो. तो गाडीतही ओसरला असता. पुढच्या आठवड्यात फास्टऐवजी स्लो, मग रिक्षा, मग घरूनच काम. दारातच उभं राहणं, पाण्याची बाटली हातातून न सोडणं, घरच्यांशी फोन चालू ठेवणं या लहानशा पळवाटाही तेच शिकवतात.

उपचार याच्या उलट दिशेने जातो. दुपारच्या रिकाम्या स्लोने एक स्टेशन, तेच पुन्हा पुन्हा, भीती निम्म्यावर येईपर्यंत. मग तीन स्टेशनं, मग गर्दी, शेवटी अंधेरी-बोरिवली. जोडीला धडधड, गरगर अशी लक्षणं मुद्दाम आणायची, म्हणजे त्यांची भीती मोडते: मिनिटभर जागच्या जागी धावणं, फिरत्या खुर्चीत गरगरणं, नाक धरून स्ट्रॉने श्वास घेणं. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

गोळ्यांबाबत मेसेज दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतो. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची; अर्ध्या तासात आराम पडतो, म्हणूनच. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन या रोज घ्यायच्या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी उलट वाढू शकते. बरेच जण नेमके तिथेच सोडतात. म्हणून डॉक्टर कमी डोसने सुरू करतात. बंद करतानाही हळूहळू उतरवतात, नाहीतर चक्कर, चिडचिड होते. 

‘मन खंबीर ठेवा’ यावर काय बोलणार? सोबत असाल तर एवढं करा: पंखा घालत, पाणी पाजत घोळका करू नका, दर मिनिटाला ‘आता कसं वाटतंय?’ विचारू नका. शेजारी बसा, हळू आवाजात आकडे मोजा. अटॅक ओसरल्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या; तिथे मराठीत बोलता येतं.