पुढची पुढे, मागची मागे

ई-क्लिप नावाची एक वस्तू असते. इंग्रजी ‘ई’ अक्षराच्या आकाराची, कापून टाकलेल्या नखाएवढी, पोलादी. रिमोटवरच्या रेसिंग गाडीत चाकाला धरणारा हात एका पिनेवर वर-खाली हलतो. ती पिन सटकू नये म्हणून तिच्या टोकाच्या खाचेत ही क्लिप बसवतात. बसवतात म्हणजे पकडीने दाबतात. दाबल्यावर एक तर ‘टिक्’ असा आवाज येतो आणि क्लिप बसते, नाही तर ‘टिंग’ असा आवाज येतो आणि क्लिप इहलोक सोडून जाते.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि माझी ‘टिंग’ झाली होती. किटवाल्यांनी, म्हणजे गाडी सुट्या भागांत विकणाऱ्यांनी, माणसाची जात ओळखून एक क्लिप जादा दिली होती. ती आदल्या रात्रीच गेली होती. मी जेवणाच्या टेबलाखाली गुडघ्यांवर रांगत, मोबाइलचा उजेड फरशीला समांतर धरून शोधत होतो. (उजेड वरून मारायचा नसतो, आडवा मारायचा असतो. मग बारीक वस्तूचीही सावली लांब पडते. या छंदातून मिळालेलं हे पहिलं शहाणपण.) तेवढ्यात बायको पाणी प्यायला उठली.

“काय हरवलं?”

“क्लिप.”

“केसांची? माझ्यातली घे की. ढीगभर आहेत.”

“केसांची कशाला लागेल मला? गाडीची!”

तिने टेबलावर नजर फिरवली. अकरा प्लॅस्टिकच्या पिशव्या, चार वाट्यांत स्क्रू, वर्तमानपत्रावर सांडलेलं सिलिकॉनचं तेल. “आणि गाडी कुठाय?” असं विचारून, उत्तराची वाट न बघता, ती झोपायला गेली.

वास्तविक घरात एक चालती गाडी होती, हेच तर दुःख आहे. ती तयार गाडी. या जातीला आरटीआर म्हणतात, म्हणजे आणा आणि पळवा. खोकं उघडलं, की मोटर आत, रिसीव्हर आत, चाकं वळवणारा सर्व्हो आत. सोबत २.४ गिगाहर्ट्झचा, पिस्तुलासारखा धरायचा रिमोट. बॉडीसुद्धा रंगवलेली. बॅटरी चार्ज करायची, बॉडीला चार क्लिपा लावायच्या आणि चाप ओढायचा. चिरंजीवांच्या बाराव्या वाढदिवसाला आणली होती, त्यामुळे पहिले तीन दिवस मीच पळवली. समोरून आपल्याकडे येणाऱ्या गाडीचं डावं-उजवं उलटं होतं, एवढी एकच गोष्ट शिकायची होती आणि ती मी एका भिंतीच्या मदतीने शिकत होतो.

चौथ्या दिवशी चाप ओढला, तर मोटर किंचाळली आणि गाडी जागची हलली नाही. मी बॅटरी बदलली. रिमोट बंद करून चालू केला. मग गाडी बंद करून चालू केली. मग दोन्ही. दोन दिवस मी वेगवेगळ्या क्रमाने वस्तू बंद आणि चालू करत होतो, कारण त्या गाडीच्या पोटात काय आहे याचा मला पत्ताच नव्हता. शेवटी ट्रॅकवर घेऊन गेलो. तिथे सगळे ज्यांना काका म्हणतात असे एक गृहस्थ असतात. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. सहा फुटांवरून आवाज ऐकला आणि म्हणाले, “पिनियन सुटलंय.”

पिनियन म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक. ते जागेवर राहतं एका बिनडोक स्क्रूमुळे. बिनडोक ही शिवी नव्हे, त्याला खरोखरच डोकं नसतं. दीड मिलिमीटरच्या षटकोनी पान्याने तो आवळतात. धातूत धातू जाणारा स्क्रू कंपनाने सुटतो, म्हणून त्याला आधी निळ्या थ्रेडलॉकचा थेंब लावायचा असतो. माझ्या गाडीत तो थेंब कुणी लावला नव्हता.

“पळवायच्या आधी उघडली होती का?” काकांनी विचारलं.

“नवीन गाडी कशाला उघडायची?”

“कारखान्यात ज्याने बसवली, त्याला कुठे ती पळवायची होती!”

मग त्यांनी तिथेच ती उघडली. मागचा डिफरन्शियल जवळजवळ कोरडा. हे यंत्र वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरू देतं. आत दाट सिलिकॉनचं तेल असेल तरच ते धड वागतं. चाकांचे धक्के झेलणाऱ्या नळ्यांना शॉक म्हणतात. दोन शॉकमध्ये तेल पुरेसं, एकात अर्धं, एकात हवा. स्पर गिअर (पिनियन फिरवतं ते मोठं दातेरी चाक) आणि पिनियन एकमेकांना इतके घट्ट भिडवलेले, की गाडी पहिल्या दिवसापासून कण्हत होती आणि मी त्याला इंजिनाची गर्जना समजत होतो. काकांनी दोन्हींच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घातली, मोटर दाबून स्क्रू आवळले आणि पट्टी ओढून काढली. पट्टीवर बारीक वळ्या पडल्या होत्या, कागद फाटला नव्हता. “एवढी फट हवी,” ते म्हणाले.

घरी येताना माझं डोकं गरम झालं होतं. तयार गाडी म्हणजे जिला जोडावं लागत नाही ती, अशी माझी भाबडी समजूत. प्रत्यक्षात ती कुणीतरी एकदा जोडलेली गाडी असते. आपण ती खोलायची आणि पुन्हा जोडायची, म्हणजे कष्ट दुप्पट. मग सुरुवातीपासूनच आपण का जोडू नये? हा विचार मला तर्कशुद्ध वाटला. आयुष्यातले सगळे महागडे विचार मला तर्कशुद्धच वाटलेले आहेत.

किटच्या खोक्यावर एका चाकावर तिरकी होऊन वळणारी, धुरळा उडवणारी एक दशांश मापाची बग्गी होती. बाजूला बारीक अक्षरात यादी होती. मला वाटलं, आत काय काय आहे त्याची. ती आत काय काय नाही त्याची होती. मोटर नाही. मोटरला वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर नाही. सर्व्हो, रिमोट, रिसीव्हर, बॅटरी, चार्जर, रंग, काही नाही. टायरही नाहीत. “मग आत आहे तरी काय?” बायकोने विचारलं. मी खोकं हलवून दाखवलं. खुळखुळ्यासारखा आवाज आला.

हे सगळं वेगळं आणताना जो अभ्यास करावा लागला तेवढा मी कोणत्याही परीक्षेला केलेला नाही. मोटरवर १७.५ किंवा १३.५ असा आकडा असतो. तो तारेच्या वेढ्यांचा, आणि आकडा जितका लहान तितकी मोटर तापट. बॅटरी दोन सेलची लिथियम पॉलिमर, म्हणायला ७.४ व्होल्टची, पूर्ण भरली की ८.४. तिला अगदी रिकामी करायची नाही. पूर्ण भरून कपाटात ठेवायची नाही. ठेवायचीच तर दर सेलला ३.८ व्होल्टवर, आणि चार्जिंगला लावून घराबाहेर तर जायचंच नाही. इतकं जपून मी पोराला वाढवलेलं नाही.

मग सुरू झाल्या रात्री. किटचं पुस्तक असतं आणि त्यात शब्द जवळजवळ नसतात, चित्रं असतात. स्क्रूचं चित्र खऱ्या मापाचं काढलेलं असतं. हातातला स्क्रू त्यावर आडवा ठेवायचा आणि जुळतो का बघायचं. ३ बाय १० आणि ३ बाय १२ मध्ये फरक दोन मिलिमीटरचा. तो रात्री अकरानंतर दिसत नाही. सकाळी दिसतो, कारण बारावाला पलीकडून नाक बाहेर काढून बसलेला असतो. चाकं सरळ-तिरकी करणाऱ्या दांड्यांना एका टोकाला सुलटा आटा असतो आणि दुसऱ्याला उलटा, म्हणजे न काढता मधेच पान्याने फिरवून लांबी बदलता येते. सोय उत्तम आहे. फक्त सगळे दांडे एकाच दिशेने बसवायचे असतात. माझ्या गाडीत तीन दांडे ज्या बाजूला फिरवले की लांब होतात, त्याच बाजूला चौथा आखूड होतो.

शॉकवर दोन रात्री गेल्या. नळीत तेल भरायचं, पिस्टन अगदी सावकाश वर-खाली करायचा आणि बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत बसून राहायचं. घाई करून टोपण लावलं तर आत हवा कोंडते आणि शॉक दाबला की ‘फुस्’ म्हणतो. मी बसून राहिलो. एकेक बुडबुडा वर यायचा, काठाशी थबकायचा, विचार करायचा आणि फुटायचा. गेल्या कित्येक वर्षांत मी इतका शांत बसलो नव्हतो. हे कबूल करायला मला आवडत नाही, कारण घरात मी या कामाची सतत तक्रार करत असे. शेवटी चारही शॉक टेबलावर उभे केले. दिसायला एका आईची लेकरं. दाबून सोडले तर चौघांचे चार स्वभाव.

ही खोलाखोलीची खाज फक्त माझी नाही, हे कळल्यावर जरा धीर आला. जपानच्या टामियाने १९७६ साली रिमोटवर चालणारी आपली पहिली गाडी काढली, एक द्वादशांश मापाची पोर्श ९३४. आणि ते मॉडेल हुबेहूब व्हावं म्हणून त्यांनी चक्क एक खरीखुरी पोर्श ९११ विकत घेऊन सुटी केली होती. ही हकीकत मी बायकोला उत्साहाने सांगितली. तिने शांतपणे आमच्या गाडीची किल्ली टेबलावरून उचलली आणि पर्समध्ये टाकली.

राहता राहिली ती क्लिप. सापडली नाहीच. पण चिरंजीवांच्या तयार गाडीची काढून बघितली, तर माप जुळलं. मागच्या डाव्या हाताची घेतली. चोरी नव्हे, बदली.

“बाबा, माझ्या गाडीची क्लिप?”

“आणतो.”

अकराव्या रात्री गाडी उभी राहिली. बॉडी तेवढी मनासारखी झाली नाही. पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवायची असते, म्हणजे धडक बसली तरी रंग खरवडत नाही. मी तिच्यावर हौसेने माझं आडनावही आतून लिहिलं, आणि आतून लिहिलं म्हणून ते बाहेरून उलटं दिसायला लागलं. ते असो. गाडी बॅटरी लावून फरशीवर ठेवली. घरातले सगळे जमले. मी चाप ओढला.

गाडी हलली नाही, पण बंदही नव्हती. जागच्या जागी थरथरत होती, टायर फरशीवर चर्र चर्र घासत होते आणि रबराचा वास सुटला होता. चिरंजीव पालथे पडून निरखत होते. म्हणाले, “बाबा, पुढची चाकं पुढे चाललीत आणि मागची मागे.”

मी गाडी उचलून चाप ओढला. खरंच. पुढची जोडी निघाली होती शर्यतीला आणि मागची परत दुकानात.

चारचाकी ओढीच्या गाडीत पुढे-मागे दोन डिफरन्शियल असतात. त्यांच्या दातेरी कडीची बाजू ठरलेली असते. मागचा मी डावा-उजवा फिरवून बसवला होता. पुस्तकात त्या चित्राशेजारी काळ्या चौकोनात उद्गारचिन्ह होतं. ते मी कौतुकाचं समजलो होतो. चूक सुधारायला पाचच सेकंद लागतात. तिथे पोचायला मागची चाकं, पंख, शॉक, शॉकचा मनोरा, दांडे आणि एकोणीस स्क्रू काढावे लागतात, कारण डिफरन्शियल ही सगळ्यात आधी बसवायची आणि म्हणून सगळ्यात आत असणारी वस्तू. तयार गाडीत हे झालं असतं, तर मी कारखान्याला, दुकानदाराला आणि एकूण जमान्याला शिव्या घातल्या असत्या. इथे शिव्या घालायला खोलीत मी एकटाच होतो. बायको आणि चिरंजीव होते, पण ते हसत होते.

नवख्याने तयार गाडी घेऊ नये असं मी म्हणणार नाही. उलट तीच घ्यावी, फक्त पळवायच्या आधी उघडावी. आणि स्वतः जोडलेली गाडी जास्त जोरात पळते असंही नाही, निदान माझी नाही. पहिल्या शर्यतीत ट्रॅकच्या तिसऱ्याच चकरेला खांब आडवा आला आणि पुढचा उजवा हात मोडला. पण काकांनी ‘काय झालं?’ विचारायच्या आत मी पान्याला हात घातला होता. तो भाग ‘ड’ पिशवीतला, दोन स्क्रू, एक पिन. तो मोडलेला हात मी अंधारातही काढला असता. पुढच्या फेरीपर्यंत गाडी तयार होती. त्या फेरीत मी शेवटून दुसरा आलो. शेवटच्याची बॅटरी वाटेत संपली होती.

शर्यत पाच मिनिटांची असते, पण ती संपली म्हणून सुटका नसते. पळवणाऱ्याने मंचावरून उतरून पुढच्या फेरीला मार्शल म्हणून वळणावर उभं राहायचं. उलटलेली गाडी धावत जाऊन उचलायची, सरळ करायची आणि सोडायची. दुरुस्त करायची नाही, न्याहाळायची तर मुळीच नाही, कारण मंचावर तिच्या मालकाचे सेकंद जात असतात.

ती फेरी मुलांची होती. दुसऱ्याच मिनिटाला उडीवरून एक गाडी कोलांटी खात माझ्या पायाशी येऊन उताणी पडली. ओळखीची. चाकं अजून हवेत गरगरत होती. मी उचलली आणि नजर सवयीने मागच्या डाव्या हाताकडे गेली. पिनेच्या टोकाला, जिथली ई-क्लिप मी दीड महिन्यापूर्वी नेली होती आणि रोज ‘आणतो’ म्हणत होतो, तिथे बायकोची केसांची काळी पिन होती. खाचेत दोन वेढे दिलेले, टोक वळवून आत दाबलेलं. मी तो हात धरून हलवून बघितला. जरासुद्धा खेळ नव्हता. चाक धरून ओढून बघितलं. तसूभर हललं नाही. मी पिन आणखी जवळून बघायला गाडी डोळ्यांपाशी आणली.

“बाबा!” मंचावरून आरोळी आली. “बघत काय बसलायस? खाली ठेव ना ती!”