चार जणांचा माज आणि बाकीच्यांचं आकाश

दर थोड्या दिवसांनी आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकतं. छोटं विमान तळ्याच्या पाण्याला चाकं टेकवत चाललंय, किंवा किनाऱ्यावर बसलेल्यांच्या टोप्या उडतील इतक्या खालून जातंय. खाली 'कडक', 'एक नंबर', आगीचे इमोजी. मग मला टॅग करून प्रश्न येतो, "तू पण असलं काही करतोस का रे?"

नाही करत. आणि ते बघून मला कडकही वाटत नाही, पोटात गोळा येतो. विमान पडेल म्हणून नाही, याच्यामुळे उद्या कोणता नवा नियम येईल आणि तो माझ्या कुठल्या रविवारी आडवा येईल, म्हणून.

जरा मागचं सांगतो, म्हणजे हा माणूस का चिडलाय ते कळेल. मी न्यू जर्सीत राहतो. पोटापाण्याला कॉम्प्युटर, आणि सुट्टीच्या दिवशी फ्लाइंग क्लबचं चार सीटचं सेसना विमान. लायसन्स प्रायव्हेट पायलटचं, म्हणजे विमान चालवायचे पैसे मिळत नाहीत, उलट आपलेच जातात. भारतात कुणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "परवानगी कुणाची घ्यावी लागते?" प्रश्न बरोबरच आहे. तिकडे साधं छोटं विमान एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचं तरी फ्लाइट प्लॅन भरा, हवाई दलाकडून एअर डिफेन्स क्लिअरन्सचा नंबर घ्या, मग इंजिन सुरू करा. इथं टॉवर नसलेल्या छोट्या रनवेवरून, हवा स्वच्छ असेल तर, मी कुणालाही न विचारता उडतो, पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या धावपट्टीवर उतरतो, शेजारच्या टपरीवजा हॉटेलात आम्लेट खातो आणि घरी येतो. फ्लाइट प्लॅन नाही, नंबर नाही. माझ्या सासऱ्यांना हे अजूनही खरं वाटत नाही. त्यांना वाटतं जावई काहीतरी लपवतोय.

ही मोकळीक जगात फार कमी ठिकाणी आहे. आणि ती टिकलीय ती सरकारच्या प्रेमामुळे नाही. खाली राहणाऱ्या लोकांना आमचा फारसा त्रास होत नाही, म्हणून ती टिकलीय.

आता त्या रीलकडे येऊ. गंमत अशी की ती बेकायदा असेलच असं नाही. अमेरिकेतला किमान उंचीचा नियम वाचण्यासारखा आहे. दाट वस्तीवरून जाताना 2,000 फुटांच्या परिघातल्या सगळ्यात उंच अडथळ्याच्याही 1,000 फूट वर राहायचं. वस्ती दाट नसेल तर जमिनीपासून 500 फूट. पण उघडं पाणी आणि विरळ वस्ती असेल, तर उंचीचा आकडाच नाही. माणूस, होडी, गाडी, बांधकाम यांच्यापासून 500 फूट लांब राहा, एवढंच. म्हणजे ज्यानं नियम लिहिला त्यानं आमच्यावर सोडलं की बाबांनो, अक्कल वापरा. ज्याच्या टोपीवरून विमान गेलं तो माणूस काही 500 फुटांवर नसतो. आणि त्याच्या हातात आता फोन आहे, फोनमध्ये विमानाचा माग दाखवणारं ॲप आहे, त्यात आमचा टेल नंबर (विमानाच्या शेपटीवरचा नोंदणी क्रमांक), उंची, वेग सगळं दिसतं. पूर्वी तक्रार करणारा म्हणायचा, "कुठलं तरी पांढरं विमान होतं." आता तो स्क्रीनशॉट जोडून पाठवतो.

नेवाडातल्या एका यूट्यूबर पायलटची केस यातलीच. 2019 मध्ये तो मित्राच्या जागेवर उतरता येईल का हे बघायला फार खाली आला आणि न उतरताच निघून गेला. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात ते आलं. तो म्हणाला, मी उतरण्यापूर्वी जागेची पाहणी करत होतो, आणि उतरताना किमान उंचीचा नियम लागत नाही. एफएए, म्हणजे अमेरिकेतली विमान वाहतुकीची नियामक संस्था, म्हणाली, ही जागा उतरण्याजोगी नव्हतीच, मग पाहणी कसली? लायसन्स निलंबित झालं आणि अपील ऐकणाऱ्या एनटीएसबी या मंडळानंही एफएएची बाजू उचलून धरली. त्याची बाजू मला काही अंशी पटते, कारण कच्च्या पट्टीवर उतरण्याआधी एक फेरी मारून बघणं हे शिकवलंच जातं. पण आता डोंगराळ भागात उतरणारा प्रत्येक जण विचार करतो की फेरी मारली आणि नाही उतरलो, तर मी गुन्हेगार का? वाद एकाचा होता, धास्ती सगळ्यांना बसली.

अल्ट्रालाइटवाल्यांची, म्हणजे अगदी हलकी छोटी यंत्रं उडवणाऱ्यांची, गोष्ट तर मला प्रत्येक नवशिक्याला सांगाविशी वाटते. 1982 मध्ये एफएएनं 'पार्ट 103' आणला. एका माणसाचं, 254 पौंडांपेक्षा हलकं, पाच गॅलन पेट्रोलचं, 55 नॉटपेक्षा (ताशी साधारण 100 किलोमीटर) जास्त न पळणारं यंत्र असेल तर लायसन्स नको, मेडिकल नको, रजिस्ट्रेशनही नको. पुन्हा वाचा, लायसन्स नको! तेव्हाच बजावलं होतं की तुम्ही शिस्तीत राहिलात तर ठीक, नाहीतर आम्हाला आणखी नियम करावे लागतील. पुढे अडचण आली ती शिकवण्याची. एका सीटच्या विमानात शिकवणार कसं? म्हणून फक्त प्रशिक्षणासाठी दोन सीटच्या यंत्रांना सूट दिली. झालं. आपल्याकडे सवलत म्हटली की जे होतं तेच तिथंही झालं. वजनदार, वेगवान, दोन सीटची यंत्रं 'ट्रेनर' या नावाखाली उडू लागली. शिकवणारा कुणी नाही, शिकणारा कुणी नाही, मागे बसलेली बायको किंवा मेव्हणा. पायलट लोक त्यांना 'फॅट अल्ट्रालाइट' म्हणायचे, हसून. शेवटी 2004 मध्ये अशा हलक्या विमानांसाठी वेगळ्या लायसन्सचे, स्पोर्ट पायलटचे, नियम आले आणि 31 जानेवारी 2008 ला ती सूट संपली. खरोखर शिकवणाऱ्या प्रामाणिक इन्स्ट्रक्टरांनाही तीच तारीख लागू. एका सीटचा 'पार्ट 103' मात्र अजून तसाच शाबूत आहे. जिथं लबाडी झाली, नेमकं तिथंच कापलं गेलं.

सगळेच निर्बंध असे येत नाहीत, हेही सांगायला हवं, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं होईल. वॉशिंग्टनभोवतीचं 30 मैलांचं वर्तुळ, ज्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, हे 11 सप्टेंबरचं अपत्य आहे. पण ते आधी तात्पुरतं म्हणून आलं होतं. पायलट लोक ते काढून टाका म्हणून भांडत होते, आणि 11 मे 2005 ला पेनसिल्व्हेनियाहून निघालेलं एक सेसना 150 चुकून थेट आत शिरलं. व्हाइट हाऊस आणि कॅपिटॉल रिकामं करावं लागलं, सैनिकी विमानांनी फ्लेअर्स, म्हणजे इशाऱ्याचे जळते गोळे, सोडले. आत अतिरेकी नव्हते, एअर शो बघायला निघालेले दोघं होते. नकाशा नीट वाचला नव्हता, बस्स. त्यानंतर "हे वर्तुळ काढा" म्हणायला आमच्याकडे तोंड राहिलं का? 2009 मध्ये ते कायमचं झालं. शिवाय वॉशिंग्टनपासून 60 मैलांच्या आत नजरेच्या भरवशावर उडायचं तर खास कोर्स करणं सक्तीचं झालं. तो मीही केलाय, सर्टिफिकेट फ्लाइट बॅगेत असतं.

आमच्या घराजवळच्या हडसन नदीचंही तसंच. 2009 च्या ऑगस्टमध्ये खासगी पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर नदीवर धडकले, नऊ माणसं गेली. यात कुणी माज केला नव्हता. हवाई वाहतुकीचा कंट्रोलर वैयक्तिक फोनवर बोलत होता हे नंतर बाहेर आलं, आणि 'बघा आणि टाळा' (पायलटनं स्वतः बघून दुसऱ्या विमानाला टाळायचं) या पद्धतीच्या मर्यादाही उघड झाल्या. त्या वर्षअखेरीपर्यंत नियम आले: 140 नॉटच्या आत उडा, उजव्या काठानं जा, दिवे लावा, ठरलेल्या खुणांवर रेडिओवर आपली जागा सांगा. हे नियम मला आवडतात. यामुळेच आजही 1,300 फुटांखालून, परवानगी न मागता, लिबर्टीच्या पुतळ्याशेजारून जाता येतं. पाहुणे आले की मी तिकडेच नेतो. (फोटो काढताना काकू देवाचं नाव घेतात, तो भाग वेगळा.)

म्हणजे माझा राग नियमांवर नाही. चुकणाऱ्यांवर तर नाहीच. चुकणाऱ्यांसाठी इथं फार सुंदर सोय आहे. 1976 पासून नासा एक योजना चालवते. नकळत चूक झाली, तर दहा दिवसांत स्वतःहून कळवा, दंडातून किंवा निलंबनातून सहसा सुटका मिळते आणि तुमचं नाव काढून ती माहिती सगळ्यांना शिकायला मिळते. नियामकानं पायलटांवर विश्वास टाकल्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

माझा राग आहे तो ठरवून करणाऱ्यांवर. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये ट्रेव्हर जेकब या यूट्यूबरनं कॅलिफोर्नियाच्या लोस पाद्रेस जंगलावर आपलं जुनं टेलरक्राफ्ट विमान सोडून पॅराशूटनं उडी मारली, विमान डोंगरात जाऊन पडलं. व्हिडिओत म्हणाला, इंजिन बंद पडलं. त्याला पकडलं ते आधी पायलट प्रेक्षकांनीच. छोट्या विमानात पॅराशूट घालून कोण बसतं? इंजिन पुन्हा सुरू करायचा प्रयत्न का नाही? उतरायला जागा का शोधली नाही? नंतर त्यानं अवशेष हेलिकॉप्टरनं उचलून आणून नष्ट केले. लायसन्स गेलं, आणि 2023 मध्ये सहा महिन्यांची कैद झाली. कारण काय, तर एका पाकीट कंपनीची जाहिरात. 2022 मध्ये ॲरिझोनात रेड बुल या पेय कंपनीसाठी दोन पायलटांनी हवेतल्या हवेत विमानं बदलायचा खेळ केला. दोन्ही सेसना रिकाम्या सोडायच्या आणि एकमेकांच्या विमानात शिरायचं. एफएएनं दोन दिवस आधी लेखी नकार दिला होता. तरी केलं. एकाला विमान सापडलंच नाही, ते गिरक्या घेत खाली गेलं. दोघांचीही लायसन्स रद्द.

इथं कुणी म्हणेल, मग झालं की, ज्यानं केलं त्यानं भरलं. बाकीच्यांचं काय बिघडलं? कागदावर काही नाही. पण न्यू जर्सीतल्या सोलबर्गसारख्या छोट्या विमानतळाला जमीन वाचवायला गावाशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं, कारण 2006 मध्ये टाउनशिपनं, म्हणजे गावाच्या प्रशासनानं, ती संपादन करायचं ठरवलं होतं. 2015 मध्ये न्यायालयानं विमानतळाच्या बाजूनं निकाल दिला. अशा ठिकाणी गावच्या सभेत उभं राहून "आम्ही जबाबदार लोक आहोत" म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांसमोर कोण असतं? मी नसतो. तो जेकब असतो. त्याला सहा महिने झाले, आम्हाला किती, ते मोजता येत नाही.

उलटही घडतं, आणि ते कुणी रील करत नाही. 2017 मध्ये पायलटच्या मेडिकलला सोपा पर्याय म्हणून बेसिकमेड आलं. साध्या डॉक्टरकडून तपासणी आणि ऑनलाइन कोर्स, खास वैमानिकी डॉक्टरकडे पुन्हा पुन्हा जायला नको. काही वर्षं सुरळीत चाललं, म्हणून 2024 मध्ये मर्यादा वाढवून 12,500 पौंडांपर्यंतची विमानं त्यात घेतली. 2025 मध्ये हलक्या विमानांचे नियम आणखी सैल केले.

मुंबईत पोलिसांचे पॅराग्लायडर, मायक्रोलाइट, ड्रोन यांवर बंदीचे आदेश पुन्हा पुन्हा निघतात. तिथली कारणं वेगळी, सुरक्षेची आहेत. पण एक गोष्ट लक्षात घ्या, त्यावर बोंब मारायला कुणी नसतं. उडणारेच मूठभर, बाजू कोण घेणार? इथं लाखो पायलट आहेत, 1939 पासूनची पायलटांची संघटना आहे, म्हणून आवाज आहे. तो आवाज विश्वासार्ह राहिला तरच उपयोग.

आमच्या हँगरमध्ये एक म्हातारे इन्स्ट्रक्टर आहेत. त्यांच्याशी माझं यावरच भांडण चालू आहे. माझं म्हणणं, कुणी किनाऱ्यावर टोप्या उडवत असेल तर आधी तोंडावर सांगा, नाही ऐकलं तर क्लबनं विमान देणं बंद करावं. ते म्हणतात, आपणच आपल्या लोकांवर पहारे बसवले तर उडण्यातली मजा गेली, आणि एफएए आहे की त्यासाठी. मी म्हटलं, एफएए येते तेव्हा ती एकट्यासाठी येत नाही. त्यांना हे पटलेलं नाही. पुढच्या महिन्यात क्लबच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे, आणि ते विरोधात मत देणार आहेत असं त्यांनी आत्ताच सांगून टाकलंय.